जुगार आणि तंबाखू : दोन व्यसनांवर एकच उपचार, तोही मराठीत आणि मोबाइलवर हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींची मान्यता मिळताच मोठ्या कंपन्यांनी पैसे लावून खेळायचे आपले मोबाइलवरचे खेळ थांबवले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. तो गुन्हेगार नसून पीडित आहे, अशी सरकारची भूमिका आहे. ही भूमिका मला मनापासून योग्य वाटते. परंतु एखाद्याला पीडित म्हटल्यावर त्याच्या उपचाराचे काय, हा प्रश्न ओघानेच येतो. आपल्या आणि इतर वृत्तपत्रांत या कायद्यावर जी चर्चा झाली ती बुडालेल्या करावर, गेलेल्या नोकऱ्यांवर आणि राज्यघटनेच्या कलमांवर झाली. उपचाराबद्दल तीत फारसे काही वाचायला मिळाले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करताना मला एक गोष्ट सतत दिसते. बहुतेक माणसे आमच्याकडे दारूसाठी येतात किंवा आणली जातात. जुगाराचा विषय निघतो तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि तोही बहुधा कर्जाचा आकडा पत्नीच्या तोंडून बाहेर पडल्यावर. तंबाखूचा विषय तर निघतच नाही, कारण तंबाखू हे व्यसन आहे असे त्या माणसाला, त्याच्या घरच्यांना आणि कधीकधी उपचार करणाऱ्यांनाही वाटत नाही. मळलेली तंबाखू दाढेत धरूनच माणूस रमीत हरलेल्या पैशांची कहाणी सांगत असतो आणि समोरचा त्या कहाणीची नोंद घेतो, तंबाखूची घेत नाही. या दोन सवयी एकाच माणसात एकत्र नांदतात, एकमेकींना पोसतात, आणि म्हणून त्यांच्यावरचा उपचारही एकत्रच व्हायला हवा. हा उपचार माणसाला स्वतःच्या मोबाइलवर, मराठीतून, नाव न सांगता सुरू करता आला पाहिजे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

जुगाराची अनावर ओढ हा चारित्र्याचा दोष नसून व्यसनाचा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य करून आता बरीच वर्षे झाली. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आजार-वर्गीकरणातही तो व्यसनाधीन वर्तनाच्या विकारांत मोडतो. जुगाराबरोबर आणखी काय काय आढळते, याविषयीच्या अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात समस्याग्रस्त जुगाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक तंबाखूतील निकोटिनच्याही आहारी गेलेले आढळले. नैराश्यासारखे मनःस्थितीचे विकार सुमारे ३८ टक्क्यांत होते, चिंतेचे विकार ३७ टक्क्यांत. जुगाराबरोबरच्या नैराश्याबद्दल आपण थोडेफार बोलू लागलो आहोत, ही चांगली गोष्ट आहे. पण निकोटिन त्याच्या किती पुढे आहे हे या आकड्यांवरून कळावे. जुगारावर उपचार घ्यायला आलेल्यांचा २००२ सालचा एक अमेरिकी अभ्यास आहे. त्यात रोज सिगारेट ओढणाऱ्यांचा जुगार न ओढणाऱ्यांपेक्षा अधिक गंभीर होता. ते अधिक दिवस खेळत होते आणि अधिक पैसे घालवत होते.

असे का होते, याची उत्तरे काही मेंदूत आहेत आणि काही माणसाच्या दिनक्रमात. निकोटिन आणि डाव जिंकण्याची अपेक्षा या दोन्ही गोष्टी मेंदूतील बक्षिसाच्या त्याच यंत्रणेला चाळवतात, ज्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. शिवाय रोज एकत्र घडणाऱ्या गोष्टींची सांगड पक्की बसते. टपरीवर सामना बघत पैसे लावणाऱ्याला काही महिन्यांनी नुसती टपरी दिसली तरी दोन्हींची तलफ येते, आणि डाव हरल्यावर जी पहिली हालचाल होते ती खिशातल्या पुडीकडे किंवा पाकिटाकडे. उलट दिशेचा प्रवास कमी लोकांच्या लक्षात येतो. तंबाखू सोडली की पहिल्या आठवड्यात चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि एकाग्रतेचा अभाव जाणवतो. जुगार थांबवल्यावर येणारी अस्वस्थता आणि चिडचिडही जवळपास अशीच असते. माणसाला त्यातला फरक कळत नाही. तंबाखू सोडल्याच्या चौथ्या दिवशी रात्री झोप येईना म्हणून तो मोबाइल उघडतो आणि ‘एकच डाव’ खेळतो. किंवा जुगार थांबवलेला माणूस दिवसाला पाच पुड्यांवरून दहा पुड्यांवर जातो आणि घरचे म्हणतात, निदान पैसे तरी लावत नाही. अर्धाच उपचार मिळालेल्या माणसांची घसरण बऱ्याचदा या वाटेने होते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. त्या राज्याने सप्टेंबर २००२ मध्ये जुगाराची यंत्रे असलेल्या जागांत धूम्रपानाला बंदी केली. बंदी आरोग्यासाठी होती, परंतु तिच्यामुळे यंत्रांवर लोकांनी घालवलेला पैसाही लक्षणीय प्रमाणात घटला. सिगारेट ओढायची तर यंत्रासमोरून उठून बाहेर जावे लागे, आणि उठलेल्या माणसाला दोन मिनिटे मोकळ्या हवेत विचार करायला मिळत. खेळाची लागलेली तंद्री मोडणे हा जुगारावरचा मोठाच उतारा आहे, हे तेथे एका संपूर्ण राज्याच्या पातळीवर दिसले.

आता हाच प्रसंग आपल्याकडे कसा घडतो ते पाहावे. आपल्याकडे खेळ हातातल्या मोबाइलवर आहे, त्यासाठी कुठे जावे लागत नाही आणि कुठून उठावे लागत नाही. दुसरे म्हणजे महाराष्ट्रात तंबाखू ओढली कमी आणि खाल्ली जास्त जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. ओढणाऱ्याला निदान काडी पेटवण्यापुरता हात मोकळा करावा लागतो, घरातून बाहेर जावे लागते, धुराच्या वासावरून कोणी टोकते. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा किंवा हातावर मळलेली तंबाखू-चुना एकदा तोंडात गेला की दोन्ही हात मोकळे असतात आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे परदेशात सिगारेट ओढणाऱ्या जुगाऱ्यांसाठी तयार झालेला कार्यक्रम भाषांतर करून येथे आणला, तर तो आपल्या बहुसंख्य लोकांना लागूच पडणार नाही. तंद्री मोडण्याची जी सोय व्हिक्टोरियात आपोआप झाली, ती आपल्याकडे उपचारानेच करून द्यावी लागेल.

‘एका वेळी एकच व्यसन सोडा, दोन्ही सोडायला गेलात तर एकही सुटणार नाही’ असा सल्ला आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे दिला गेला. त्यामागे माणसाबद्दलची कणवच आहे, हे मी जाणते. परंतु पुरावा वेगळे सांगतो. व्यसनमुक्तीचे उपचार घेत असतानाच तंबाखू सोडण्याची मदत दिलेल्या लोकांवरील अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात दारू व अमली पदार्थांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता अशा मदतीमुळे २५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हा अभ्यास दारू आणि अमली पदार्थांचा होता, जुगाराचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचायला हवा. तरीही तंबाखूला हात लावला तर मुख्य उपचार बिघडेल ही भीती त्याने बऱ्याच अंशी निराधार ठरवली आहे. कोणत्या सवयीपासून सुरुवात करायची, की दोन्ही एकाच दिवशी सोडायच्या, हे त्या माणसाने ठरवावे. त्याच्यासमोर दोन्हींचा विषय मात्र पहिल्याच दिवशी निघाला पाहिजे.

हा उपचार ऑनलाइन आणि स्वतःचा स्वतः करण्याजोगा असावा असे मी म्हणते, त्याचे कारण सोय एवढेच नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवून दिले की आपल्या देशात वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जुगाराच्या बाबतीत त्यात लाज आणि भीतीची भर पडते. नवा केंद्रीय कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नसला, तरी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात अजून आहे आणि अड्ड्यावर सापडलेल्याला त्याखाली शिक्षा होते. मटक्याचा आकडा लावणारा माणूस सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर ‘जुगार’ असे लिहून घ्यायला तयार होईल, ही अपेक्षा अवास्तव आहे. कारखान्याच्या पाळीतून किंवा एसटीच्या ड्युटीतून दर आठवड्याला सुट्टी काढून जिल्ह्याच्या गावी समुपदेशनाला जाणे बहुतेकांना परवडत नाही. आणि स्वतःच्या बळावर सावरणारी माणसे असतातच. अमेरिकेतील दोन मोठ्या राष्ट्रीय पाहण्यांच्या आधारे २००६ साली असे दिसून आले, की जुगाराचे निदान होण्याजोग्या व्यक्तींपैकी सुमारे एक तृतीयांश कोणताही औपचारिक उपचार न घेता सावरल्या होत्या. अशा माणसाच्या हाती नीट आखलेले साधन देणे हाच स्वमदत उपचाराचा अर्थ आहे.

अशा साधनांचा अभ्यास जगात दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे डेव्हिड हॉजिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जुगार सोडू इच्छिणाऱ्यांना टपालाने एक स्वमदत पुस्तिका पाठवली. त्यातील काहींना पुस्तिकेबरोबर प्रेरणा जागवणारा एक फोनही केला. फोन आलेल्यांची प्रगती नुसती पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा चांगली होती. स्वीडनमध्ये पेर कार्लब्रिंग यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६६ जणांपैकी एका गटाला आठ आठवड्यांचा इंटरनेटवरील कार्यक्रम आणि जोडीला दूरध्वनीवरून आधार दिला गेला, आणि प्रतीक्षायादीत ठेवलेल्या उरलेल्यांच्या तुलनेत त्यांचा जुगार स्पष्टपणे कमी झाला. तंबाखूच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी आपली पहिली उपचार-मार्गदर्शिका प्रसिद्ध करताना संदेश, ॲप आणि इंटरनेटवरील कार्यक्रम यांची शिफारस केली आहे.

मात्र नुसते ॲप करून आरोग्य विभागाने हात झटकावेत, असे या पुराव्याचा कोणी अर्थ लावू नये. टोरांटोमधील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जुगारावरील ऑनलाइन कार्यक्रमासोबत काही लोकांना मानसिक त्रासावरचा दुसरा, स्वतंत्र ऑनलाइन कार्यक्रमही खुला करून दिला होता. दोन्ही गटांचा जुगार कमी झाला, पण दुसऱ्या कार्यक्रमामुळे वेगळा असा फायदा दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. दोन स्वतंत्र कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवले म्हणजे ते एकत्र झाले असे होत नाही. थकलेला, कर्जात बुडालेला माणूस एकच कार्यक्रम कसाबसा पुरा करतो, दुसऱ्याची पाने तो उघडत नाही. म्हणून जुगार आणि तंबाखू या दोहोंची वीण पहिल्या प्रश्नापासून एकच असावी लागेल.

असा कार्यक्रम कसा असेल याचे चित्र मी येथे थोडे तपशिलाने मांडते, कारण ‘ॲप काढा’ एवढे म्हणून भागत नाही. सुरुवात मोजमापाने व्हावी. जुगाराच्या तीव्रतेसाठी नऊ प्रश्नांची एक मान्यताप्राप्त प्रश्नावली आहे, तीत ० ते २७ गुण असतात आणि ८ किंवा अधिक गुण गंभीर समस्या दाखवतात. निकोटिनच्या अधीनतेसाठी फागरस्ट्रॉम यांची सहा प्रश्नांची चाचणी आहे, आणि तिचे धूरविरहित तंबाखूसाठीचे रूपही उपलब्ध आहे. सकाळी उठल्यावर पहिली तंबाखू किती मिनिटांत लागते, हा त्यातला एकच प्रश्न माणसाला बरेच काही सांगून जातो. दोन्ही चाचण्यांची उत्तरे एकत्र करून त्या व्यक्तीला तिचे स्वतःचे चित्र लगेच, साध्या मराठीत आणि उपदेश न करता दाखवावे : महिन्याला डावात किती गेले, पुड्यांवर किती गेले, आणि दोन्ही मिळून घराच्या कोणत्या खर्चाइतके झाले.

त्यानंतर एक-दोन आठवडे काहीही न सोडता नोंदवही ठेवायची. हा टप्पा लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण माझ्या अनुभवात खरे काम येथेच होते. प्रत्येक डावाची वेळ, रक्कम, जागा आणि मनःस्थिती लिहायची आणि त्याच ओळीत तंबाखू डावाच्या आधी होती, मध्ये होती की नंतर, हे लिहायचे. काहींच्या बाबतीत तंबाखू जुगाराला बोलावते असे दिसते, काहींच्या बाबतीत जुगार तंबाखूला. तो क्रम कळला की सोडण्याची सुरुवात कुठून करायची हे बाहेरच्याने सांगावे लागत नाही. ज्याची पुडी डावाच्या आधी येते त्याने मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावून पुडीची जागा अंगणात ठेवावी. ज्याला हरल्यावर तलफ येते त्याने हरण्याच्या क्षणासाठी वेगळी तयारी करावी. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते, आणि तेवढी मिनिटे काढण्याचा सराव दोन्ही सवयींना सारखाच उपयोगी पडतो. तंद्री मोडण्याची सोय उपचाराने करावी असे मी वर म्हटले, ती अशा छोट्या उपायांनी होते.

डोक्यातल्या समजुतींनाही हात घालावा लागतो. ‘सलग पाच वेळा हरलो, आता लागेलच’ हा विचार गणिताच्या दृष्टीने चुकीचा आहे, कारण आधीच्या डावांची आठवण पत्त्यांना किंवा आकड्याला नसते. आणि ‘गेलेले काढायचेत’ हा विचार तर कर्जाचा मुख्य उगम आहे. तंबाखूच्या बाजूलाही अशाच समजुती आहेत : तंबाखूने डोके चालते, पोट साफ होते, ताण उतरतो. उतरणारा ताण हा बऱ्याच अंशी मागच्या पुडीचा अंमल ओसरल्याने आलेला असतो, हे उदाहरणांसह समजावले तर लोकांना ते पटते. ज्यांची अधीनता जास्त आहे त्यांना निकोटिनच्या गोळीची माहिती द्यावी. २ मिलिग्रॅमची चघळण्याची गोळी आपल्याकडे औषधाच्या चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती चॉकलेटसारखी सतत चावायची नसते. चव तिखट लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायची असते. हे न सांगितल्यामुळे मळमळ होऊन कित्येक जण दुसऱ्याच दिवशी ती टाकून देतात. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे.

पैशांचा भाग कार्यक्रमाच्या शेवटी जोडून चालणार नाही, तो पहिल्या आठवड्यातच हवा. यूपीआयची दैनिक मर्यादा स्वतःहून खाली आणणे, पगाराचे खाते घरातल्या विश्वासू व्यक्तीबरोबर संयुक्त करणे, पैसे मागणाऱ्या ॲपचे आणि गटांचे संदेश बंद करणे, आणि ज्यांचे देणे आहे त्यांची पूर्ण यादी एका कागदावर आणणे. यादी करताना माणसे अर्धीच करतात. लोन ॲपचे हप्ते सांगतात, मित्राकडून घेतलेले उसने आणि बायकोचे गहाण टाकलेले दागिने सांगत नाहीत. घरच्यांसाठी म्हणून कार्यक्रमात वेगळा विभाग असावा, कारण कर्ज एकदा फेडून टाकले की प्रश्न मिटेल असे आईवडिलांना वाटते आणि जमीन विकली जाते. पैसे मोकळे झालेला मुलगा महिन्याभरात पुन्हा खेळतो. देशी कंपन्यांचे खेळ थांबले तरी परदेशातून चालणारी बेटिंगची संकेतस्थळे आणि गावातला मटका थांबलेला नाही, हे येथे स्पष्टपणे सांगायला हवे.

कार्यक्रमाला माणसाचा आवाज हवाच. कॅलगरीच्या एका फोनने जो फरक पडला, त्याची आठवण ठेवून आठवड्यातून एकदा प्रशिक्षित समुपदेशकाचा दहा-पंधरा मिनिटांचा फोन असावा. आणि जीवन संपवण्याचा विचार मनात येतो असे ज्याने प्रश्नावलीत सांगितले, त्याला पुढच्या पानावर न पाठवता तत्काळ माणसाशी जोडून द्यावे. जुगाराच्या कर्जात आत्महत्येचा धोका खरा आहे, आणि कोणतेही यंत्र तो एकट्याने पेलू शकत नाही.

खासगीपणाबद्दल मला काळजी वाटते आणि ती मी आग्रहाने मांडते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो ऑनलाइन उपचारातही तितकाच पाळला गेला पाहिजे. जुगाराची कबुली दिलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक जाहिरातदाराच्या किंवा कर्ज देणाऱ्याच्या हाती पडला, तर उपचारानेच त्याचा घात केल्यासारखे होईल. अनेक घरांत एक मोबाइल दोघे-तिघे वापरतात, म्हणून संदेशाच्या मथळ्यात ‘जुगार’ किंवा ‘व्यसन’ हे शब्द दिसता कामा नयेत. ज्यांना वाचायला जड जाते त्यांच्यासाठी सगळा मजकूर आवाजात असावा, आणि तो आवाज दवाखान्याच्या परिपत्रकासारखा नसावा. स्त्रियांचाही विचार व्हावा. मिश्री लावणाऱ्या आणि दुपारी मोबाइलवर पत्ते खेळणाऱ्या बायका आमच्या केंद्रांत जवळपास येतच नाहीत, याचा अर्थ त्या नाहीत असा नव्हे.

हे सगळे शून्यातून उभारायचे नाही. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ मे २०१६ पासून चालू आहे, तिचे एक उपकेंद्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आहे, आणि तिचा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. त्याच वर्षी, म्हणजे २०१६ साली, केंद्राने मोबाइल संदेशांतून तंबाखू सोडवण्याचा कार्यक्रमही सुरू केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. तिच्यावर मराठीतून बोलता येते, आणि २०२४ मध्ये तिचे ॲपही आले. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांकडे व्यसनी माणसाशी मराठीत कसे बोलायचे याचा जवळपास चार दशकांचा अनुभव आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरावरचा बाह्यरुग्ण विभाग २०१४ पासून आहे. या सर्वांना एका टेबलाभोवती बसवून मजकूर तयार करण्याचे काम राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने करावे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्याची दोन-तीन जिल्ह्यांत रीतसर चाचणी घ्यावी, आणि सहा महिन्यांनी किती जण दोन्हींपासून दूर राहिले याचे आकडे, ते उत्साहवर्धक असोत वा नसोत, जाहीर करावेत. खर्चाचा प्रश्न कोणी काढला तर राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालू आहे याची आठवण द्यावीशी वाटते. तिच्या उत्पन्नातला छोटा वाटा या कामाला देणे न्यायाचे होईल.

कार्यक्रम उभा राहायला वेळ लागेल, पण एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते आणि तिला निधीची गरज नाही. तंबाखू सोडण्यासाठी क्विटलाइनवर किंवा जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात आलेल्या प्रत्येक व्यक्तीला, जुगार ओळखण्यासाठी जगभर वापरले जाणारे दोन प्रश्न विचारावेत : अधिकाधिक पैसे लावावेत असे तुम्हाला कधी वाटले आहे का, आणि किती पैसे लावले याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का. यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला त्याच फोनवरून १४४१६ शी जोडून द्यावे. आणि टेलि-मानसवर जुगाराची किंवा कर्जाची गोष्ट सांगणाऱ्याला तंबाखूबद्दल विचारून १८००-११-२३५६ हा क्रमांक द्यावा. आरोग्य विभागाने असे परिपत्रक काढावे, आणि आपल्या वृत्तपत्राने जुगारातल्या कर्जाची किंवा त्यातून झालेल्या मृत्यूची बातमी छापताना तिच्याखाली हे दोन्ही क्रमांक नियमाने द्यावेत, अशी आपणास विनंती आहे.

आपली नम्र,
एक व्यसनमुक्ती समुपदेशक, सांगली